पर्फसाठी पॅरानॉइड -१ केलं तर कर्नलचे पत्ते लीक होतात का? कॅलसिम्समध्ये तर सगळे शून्य दिसतात. (कॉलेज लॅबचा शेअर्ड सर्व्हर, एआरएम बोर्डपण आहेत)

होतात ना भो. (नवख्यांसाठी: पर्फ म्हणजे प्रोग्राम कुठे वेळ घालवतो ते मोजणारं लिनक्सचं टूल, पॅरानॉइड म्हणजे साध्या युजरला त्यातून किती बघू द्यायचं ती सेटिंग, -१ म्हणजे जवळपास सगळं खुलं. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि कॅलसिम्स ही त्याच्या फंक्शनची नावं आणि मेमरीतले पत्ते यांची यादी.) "कॅलसिम्समध्ये शून्यच दिसतात" हे वाक्य डिट्टो मी चार वर्षांपूर्वी ऐकलंय म्हणून लिहायला बसलो.

तेव्हा जळगावात एका छोट्या कंपनीत होतो, केळीच्या रायपनिंग चेंबरचं तापमान बघायचं सॉफ्टवेअर. एकच सर्व्हर, इंटर्न पोरांसकट सगळ्यांचे लॉगिन त्यावर. पोरं पर्फसाठी सारखी सुडो (अॅडमिनचे हक्क) मागतात म्हणून आमच्या सरांनी पॅरानॉइड -१ करून टाकलं. मी म्हटलं सर हे बरोबर नाही. तर म्हणे केप्टर रिस्ट्रिक्ट (कर्नलचे पत्ते साध्या युजरपासून झाकायची सेटिंग) १ आहे ना, झालं मग, आणि वरून "तू आधी केळीचं बघ, कर्नलचं राहू दे". सगळे खी खी हसले. लागलं मला ते.

मे महिना, कूलर नुसती गरम हवा फेकतोय, मी साध्या युजरने पर्फ रेकॉर्ड मारलं (चालू कोडचे नमुने, म्हणजे सॅम्पल, घेतं) आणि ते पर्फ स्क्रिप्टमध्ये बघत बसलो. फंक्शनच्या नावाच्या जागी अननोन, पण शेजारी पत्ता अख्खाच्या अख्खा, आठ एफ आणि पुढे आठ आकडे. केप्टर रिस्ट्रिक्ट कॅलसिम्समधले पत्ते झाकतं, सॅम्पलमधला इन्स्ट्रक्शन पॉइंटर (त्या क्षणी चालू असलेल्या कोडचा पत्ता) नाही झाकत! मग त्याच व्हर्जनच्या कर्नल पॅकेजमधली सिस्टम मॅप (न सरकवलेल्या पत्त्यांची यादी) काढली, ती कोणीही डाउनलोड करतं. हल्लेखोराला पत्ते कळू नयेत म्हणून केएएसएलआर दर बूटला कर्नल मेमरीत वेगळ्या जागी ठेवतं, पण इंटेल-एएमडीवर ते कर्नलला २ एमबीच्या टप्प्यांत सरकवतं, त्यामुळे हेक्समधले शेवटचे पाच आकडे जागचे हलत नाहीत. त्या पाचांवरून फंक्शन हुडकलं, वजाबाकी केली, की बाकीच्या कर्नल कोडचे पत्ते पण आलेच, सगळा एकाच अंतराने सरकतो. रीबूट करून परत बघितलं, मधले आकडे बदलले, शेवटचे पाच तेच.

सरांना दाखवलं तर म्हणे "केएएसएलआर असंही मेल्टडाउनने (प्रोसेसरमधल्या एका भोकाने) फुटतं". अहो ते २०१८ चं, त्यावर पॅच आले. आणि कुलूप फुटू शकतं म्हणून घर उघडं टाकून कोणी लग्नाला जातं का?

तर तुम्ही पॅरानॉइड २ ठेवा, ४.६ पासून कर्नलचा डिफॉल्टच तो आहे, काही डिस्ट्रो त्याहून कडक ठेवतात. पोरांना इव्हेंटच्या नावापुढे कोलन-यू (:u, म्हणजे कर्नल वगळून) लावून फक्त आपापला प्रोग्राम मोजू द्या, प्रॅक्टिकलला तेवढं पुरतं. ज्याला खरंच कर्नलमध्ये बघायचंय त्याच्यासाठी ५.८ पासून कॅप पर्फमॉन (फक्त पर्फपुरता वेगळा हक्क) आहे, पर्फच्या वेगळ्या कॉपीला सेटकॅप कमांडने तो हक्क द्या आणि ती एका ग्रुपलाच चालवू द्या. केप्टर रिस्ट्रिक्ट ० करू नका, कारण मग पॅरानॉइड १ किंवा खाली गेलं की कॅलसिम्सपण सगळ्यांना खुली. आणि कर्नलसकट रेकॉर्ड केलेली पर्फ डॉट डेटा फाइल व्हॉट्सअॅपवर फिरवू नका, पत्ते तिच्यात तसेच बसलेले असतात. एआरएमवरही सेटिंग हेच.

हां, कोलन-यू म्हणजे पक्कं कुलूप नाही. काउंटरचा इंटरप्ट उशिरा आला की युजरचं सॅम्पल कर्नलमध्ये पडू शकतं, ब्रांच रेकॉर्डमधूनही (प्रोसेसर कोडमध्ये कुठून कुठे उडी मारतो त्याची नोंद) कर्नलचे पत्ते निसटलेत, या गळत्या वेळोवेळी बुजवल्यात, म्हणून कर्नल अपडेट ठेवा. स्वतःचा एकट्याचा लॅपटॉप असेल तर खुशाल -१ करा, कोणी काही म्हणत नाही.

सर, वाचत असाल तर, नोकरी सोडली त्या दिवशी बघून आलो होतो. -१ च होतं.