पुण्याच्या सदाशिव पेठेचा पिनकोड लागोपाठ दोनदा लिहिला की ४११०३०४११०३० ही संख्या होते. तिचे अवयव हाताने काढता येतील का? तिच्यात खास काही आहे का?

हाताने येतात. फक्त बारा अंकांना थेट भागत सुटू नका. सहा अंक दोनदा लिहिणं म्हणजे त्या संख्येला १०००००१ ने गुणणं. तेव्हा आधी दोन तुकडे करा: ४११०३० × १०००००१.

१०००००१ = १०१ × ९९०१, आणि या दोन्ही मूळ संख्या आहेत. म्हणजे इथवर पेठेचं खास काही नाही (पेठकरांनी राग मानू नये). कोथरूडचा ४११०३८ दोनदा लिहिलात तरी हे दोन अवयव येणारच. १०१ चा ताळा सोपा आहे: उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडून आळीपाळीने अधिक-उणे करा. ३० − १० + ४१ − ३० + १० − ४१ = ०, म्हणजे निःशेष भाग जातो.

आता ४११०३०. दहा बाजूला काढले की ४११०३. अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भागा, ४५६७ मिळतात. घोळ होतो तो इथे. ७ ला बाकी ३, १३ ला ४, १७ ला ११ असं दोन-चार वेळा झालं की लोक ‘मूळ आहे’ म्हणून मोकळे होतात. वर्गमूळ साधारण ६७.६ आहे, तेव्हा ६७ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघावंच लागतं. ६७ ने भागल्यावरही बाकी ११ उरते, तेव्हा कुठे ४५६७ मूळ ठरते. ४, ५, ६, ७ ओळीने आणि वर मूळ, ही गंमत मात्र पेठेची स्वतःची!

सगळं मिळून: २ × ३² × ५ × १०१ × ४५६७ × ९९०१. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार केला की एकूण विभाजक ९६. हिच्यापेक्षा लहान आणि हिच्याशी सहमूळ (म्हणजे १ सोडून दुसरा सामाईक विभाजक नसलेल्या) अशा संख्या १,०८,४८,८१,६०,०००.

ही पूर्ण वर्ग नाही, आणि कुठलीच सहा अंकी संख्या दोनदा लिहून पूर्ण वर्ग होत नाही. पूर्ण वर्गात प्रत्येक मूळ अवयव जोडीने यावा लागतो, आणि १०००००१ मध्ये १०१ आणि ९९०१ एकेकदाच येतात. त्यांची जोडी जुळायला आपण दोनदा लिहिलेल्या सहा अंकी संख्येला १०००००१ ने भाग जायला हवा, आणि ती तर त्याहून लहान. अकरा अंकांना मात्र हे जमतं, कारण १०००००००००१ ला १२१ ने भाग जातो. १३२२३१४०४९६ दोनदा लिहा: १३२२३१४०४९६१३२२३१४०४९६ हा ३६३६३६३६३६४ चा वर्ग आहे.

हा बावीस अंकी वर्ग एक्सेलमध्ये तपासू नका. ते पहिले १५ अंक ठेवतं आणि पुढे शून्यं भरतं. पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) पूर्णांक पूर्ण सांभाळतं, पण भागाकाराला दोन तिरप्या रेघा (//) द्या. एकच दिलीत तर उत्तर दशांशात जातं आणि शेवटचे अंक बिघडू शकतात.