बिग टेनच्या आजवरच्या खेळाडूंमध्ये झॅक ईडीचा नंबर कितवा?

तुम्ही विचारलंय की पर्ड्यू विद्यापीठाच्या झॅक ईडीला अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमधल्या बिग टेन कॉन्फरन्सच्या आजवरच्या पुरुष खेळाडूंमध्ये कितवा नंबर द्यायचा आणि तो ठरवायचा कसा. माझं उत्तर: दुसरा. पहिला ओहायो स्टेटचा जेरी लुकस, आणि त्या जागेबद्दल वादाला फारशी जागा नाही. खरी चुरस दुसऱ्या जागेसाठी आहे. तिथे ईडीसमोर मिशिगन स्टेटचा मॅजिक जॉन्सन उभा आहे आणि तरीही मी ईडीला वर ठेवतो. का, ते सविस्तर सांगतो.

आधी ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत विद्यापीठांचे संघ कॉन्फरन्समध्ये विभागलेले असतात. हंगामभर मुख्यतः आपल्या कॉन्फरन्समधल्या संघांशी खेळायचं आणि मार्चमध्ये एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या) बाद फेरीत देशभरातल्या संघांशी. बिग टेन ही १८९६ साली स्थापन झालेली कॉन्फरन्स. इंडियाना, मिशिगन, ओहायो स्टेट, पर्ड्यू वगैरे तिचे जुने सभासद. ईडी मूळचा टोरांटोचा, उंची ७ फूट ४ इंच. पर्ड्यूकडून तो २०२० ते २०२४ असे चार हंगाम खेळला. २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं तो देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. त्याच्याआधी हा मान लागोपाठच्या वर्षी राखणारा शेवटचा खेळाडू म्हणजे व्हर्जिनियाचा राल्फ सॅम्पसन, तोही १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. ईडीची कॉलेज कारकीर्द आता संपली आहे, हे आपल्या कामाचं आहे. आकडे आता हलणार नाहीत. चालू हंगामातल्या खेळाडूची यादीत जागा ठरवणं नेहमीच कच्चं असतं, कारण मार्चमधले तीन आठवडे सगळं चित्र फिरवू शकतात. ईडीच्या बाबतीत ते दोनदा फिरलं.

यादी करण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा, नाहीतर वाद संपत नाही. पहिली: खेळाडू बिग टेनमध्ये असताना जे खेळला तेवढंच मोजायचं. यूसीएलए २०२४ मध्ये बिग टेनमध्ये आलं, म्हणून तिथले जुने दिग्गज ल्यू अल्सिंडर किंवा बिल वॉल्टन मागच्या दाराने यादीत येत नाहीत. त्यांची सगळी कारकीर्द दुसऱ्या कॉन्फरन्समधली. दुसरी: एनबीएमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, पुढे काय झालं ते अजिबात मोजायचं नाही. अमोल मुझुमदारला भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही, म्हणून रणजीतल्या थोर फलंदाजांमधून त्याचं नाव काढायची कोणाची छाती आहे का? इथेही तोच न्याय. मॅजिकला लेकर्स संघाकडून मिळालेल्या विजेतेपदाच्या अंगठ्या आणि इंडियानाच्या आयझिया थॉमसच्या डेट्रॉइटमधल्या अंगठ्या या यादीत शून्य.

आता आकडे. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा थांबू. कारकिर्दीतले एकूण गुण पाहिले तर बिग टेनमध्ये इंडियानाचा कॅल्बर्ट चेनी २,६१३, मिशिगन स्टेटचा शॉन रेस्पर्ट २,५३१ आणि ईडी २,५१६. जेरी लुकसचे फक्त १,९९०. निव्वळ या रकान्यावरून क्रमवारी लावली तर लुकस कुठल्या कुठे फेकला जातो, आणि तशी यादी कामाची नाही. १९७२-७३ च्या आधी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळायची परवानगीच नव्हती. म्हणजे लुकस, मिशिगनचा कॅझी रसेल, पर्ड्यूचा रिक माउंट यांना मुळात तीनच हंगाम मिळाले आणि तेव्हा हंगामातले सामनेही कमी असत. लुकस ८२ सामने खेळला, माउंट ७२, ईडी १३८. माउंटने ७२ सामन्यांत २,३२३ गुण केले, सरासरी ३२.३, आणि तेही तीन गुणांची रेषा (जिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात) नसताना. ती रेषा कॉलेजमध्ये आली १९८६-८७ च्या हंगामापासून. पर्ड्यूमधला एकूण गुणांचा माउंटचा विक्रम ईडीने मोडला हे खरं, पण जवळजवळ दुप्पट सामने खेळून.

मग नुसती सरासरी घ्यावी का? तीही जशीच्या तशी नाही. साठ-सत्तरच्या दशकात खेळाचा वेग जास्त होता, फेकी जास्त होत होत्या. माउंटने फेब्रुवारी १९७० मध्ये आयोवाविरुद्ध ६१ गुण केले तो सामना पर्ड्यू १०८-१०७ असा हरलं. दोन्ही संघांचे मिळून २१५ गुण! २०२४ चा अंतिम सामना ७५-६० असा संपला, म्हणजे १३५. फेकी जास्त म्हणजे चुकलेल्या फेकीही जास्त, आणि चुकलेली फेक म्हणजे रिबाउंडची, परत आलेला चेंडू पकडण्याची, संधी. लुकसचे सामन्याला १७.२ रिबाउंड आणि ईडीचे शेवटच्या हंगामातले १२.२ एकाच फूटपट्टीने मोजले तर ईडीवर अन्याय होतो.

यातून वाट काढायची तर खेळाडूला त्याच्याच काळातल्या बाकीच्यांशी ताडून पाहायचं. त्या वर्षी देशात तो कितवा होता? ही कसोटी कुठल्याही काळाला सारखीच लागू पडते. आणि त्याबरोबर मिनिटंही बघा. ईडीची दुसऱ्या वर्षाची सरासरी १४.४ गुण आहे, पाहायला साधारण वाटते. पण तेव्हा ट्रेव्हियन विल्यम्सबरोबर सेंटरची (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूची) जागा वाटून घेत तो सामन्याला १९ मिनिटांच्या आसपासच खेळत होता. सामना ४० मिनिटांचा असतो. त्या हिशेबाने पूर्ण सामन्याला सुमारे ३० गुण पडतात. पुढच्या दोन वर्षांत काय होणार ते त्या आकड्यात दिसत होतंच. २०२२-२३ मध्ये २२.३ गुण आणि १२.९ रिबाउंड, २०२३-२४ मध्ये २५.२ गुण आणि १२.२ रिबाउंड. २५.२ गुणांच्या सरासरीने तो देशात पहिला आला. दोन्ही वर्षी पर्ड्यूने बिग टेनचं विजेतेपद एकट्याने पटकावलं, १५-५ आणि १७-३ अशा कामगिरीने.

"उंच आहे, म्हणून झालं" हा आक्षेप हमखास येतो. उंच खेळाडू दरवर्षी येतात. शाळेतून बाहेर पडताना ईडी देशातल्या क्रमवारीत ४०० च्या पलीकडे होता, आणि तेव्हाही त्याची उंची लपलेली नव्हती. त्याचं काम बारकाईने बघा. चेंडू अर्ध्या कोर्टापलीकडे येतो तोवर हा बास्केटजवळ पोहोचलेला असतो. बचाव करणाऱ्याला पाठीवर घेतो, पाय रुंद रोवतो आणि एक हात वर धरतो. गार्डने (बाहेरून चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूने) चेंडू त्या हातावर द्यायचा, इतक्या उंचीवर की दुसरं कोणी पोहोचूच नये. झेल घेतल्यावर ईडी चेंडू खांद्याखाली आणत नाही. उंच सेंटर नेमके इथे चुकतात: चेंडू छातीशी किंवा कमरेशी आणतात, बुटका गार्ड हात घालतो आणि चेंडू जातो. ईडी वरच्या वर वळतो आणि उजव्या हाताने हुक मारतो, म्हणजे हात डोक्यावरून वळवून चेंडू टाकतो. फाउल करून अडवावं तर फ्री थ्रोला, फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकीला, त्याचा हात कापत नाही. शेवटच्या हंगामात सामन्याला सुमारे ११ फ्री थ्रो घेऊन ७१ टक्के आत. आणि एवढं शरीर घेऊन सामन्याला ३२ मिनिटं, फाउलमुळे बाहेर बसायची वेळ क्वचितच. ही उंचीची देणगी नाही, तालमीचं फळ आहे.

त्याच्या खेळाची मर्यादाही इथेच आहे, आणि क्रमवारीत ती मोजलीच पाहिजे. चेंडू त्याच्यापर्यंत दुसऱ्याने पोहोचवावा लागतो, आणि दोघांनी घेरलं तर बाहेर दिलेला चेंडू दुसऱ्याने बास्केटमध्ये टाकावा लागतो. मार्च २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सनने हेच हेरलं. देशातल्या सर्वांत बुटक्या संघांपैकी एक, सोळावं, म्हणजे आपल्या गटातलं शेवटचं मानांकन. एक माणूस ईडीच्या पुढे, एक मागे, आणि बाहेरच्यांना मारू द्या. पर्ड्यूने तीन गुणांच्या २६ फेकींपैकी ५ आत टाकल्या आणि ६३-५८ ने हरलं. ईडीचे त्यात २१ गुण, १५ रिबाउंड. पहिल्या मानांकित संघाला सोळाव्याने हरवण्याची पुरुषांच्या स्पर्धेतली ती दुसरीच वेळ. पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात कनेटिकटने उलटा डाव टाकला. ईडीवर एकच माणूस, बाकी चौघं बाहेरच्या नेमबाजांना चिकटून. ईडीने ३७ गुण आणि १० रिबाउंड काढले, पण पर्ड्यूला तीन गुणांच्या फक्त ७ फेकी मिळाल्या आणि आत गेली एक.

पहिल्या पराभवाचा डाग मी धरतो. दुसऱ्याचा नाही. त्या स्पर्धेतल्या सहा सामन्यांत ईडीने ३०, २३, २७, ४०, २० आणि ३७ असे १७७ गुण केले. एका स्पर्धेतला विक्रम १८४ चा आहे, तोही बिग टेनमधल्याच मिशिगनच्या ग्लेन राईसचा, १९८९ सालचा, जेव्हा मिशिगन विजेतं ठरलं. टेनेसीविरुद्धच्या ४० गुण आणि १६ रिबाउंडमुळे पर्ड्यू १९८० नंतर प्रथमच अंतिम चार संघांत पोहोचलं. कॉन्फरन्समधल्या कुठल्याही मोठ्या खेळाडूच्या सर्वोत्तम मार्चशेजारी हा मार्च ताठ मानेने उभा राहतो.

लुकस तरीही वर का? ओहायो स्टेटकडून तीन हंगाम, तिन्ही वर्षी बिग टेनचं विजेतेपद, तिन्ही वर्षी राष्ट्रीय अंतिम सामना, संघाची एकूण कामगिरी ७८ विजय आणि ६ पराभव. १९६० मध्ये कॅलिफोर्नियाला ७५-५५ ने हरवून विजेतेपद. पुढची दोन वर्षं अंतिम सामन्यात सिनसिनाटीकडून हार, त्यातल्या दुसऱ्या वेळी उपांत्य सामन्यात गुडघा दुखावलेला असताना. १९६१ आणि १९६२ चा देशातला सर्वोत्तम खेळाडू तोच. सामन्याला २४.३ गुण, फेकींची अचूकता ६२ टक्क्यांच्या वर, आणि या अचूकतेत तिन्ही वर्षी तो देशात पहिला. शिवाय तेव्हा एका कॉन्फरन्समधून एकच संघ राष्ट्रीय स्पर्धेत जायचा. बिग टेन जिंकली नाही तर मार्चमध्ये घरी. ईडीकडे यातलं बरंच काही आहे, विजेतेपद मात्र नाही.

आता मॅजिक. मिशिगन स्टेटकडून दोन हंगाम, १७.१ गुण, ७.६ रिबाउंड, ७.९ असिस्ट (सहकाऱ्याला बास्केट करून देणारे पास). १९७९ च्या अंतिम सामन्यात लॅरी बर्डच्या इंडियाना स्टेटविरुद्ध ७५-६४ असा विजय, त्यात मॅजिकचे २४. चेंडू स्वतः पुढे नेणारा, स्वतः वाटणारा खेळाडू, त्यामुळे ईडीची जी मर्यादा वर सांगितली ती त्याला नव्हतीच. ज्याच्या लेखी विजेतेपद सर्वांत जड, त्याने मॅजिकला दुसरा ठेवावा, मी हुज्जत घालणार नाही. पण काळाशी ताडून पाहायची कसोटी लावा. १९७९ चा देशातला सर्वोत्तम खेळाडू बर्ड ठरला, मॅजिक नाही. त्याच वर्षी बिग टेनचं विजेतेपद मिशिगन स्टेटला पर्ड्यू आणि आयोवाबरोबर वाटून घ्यावं लागलं. ईडी दोन वर्षं देशात सर्वोत्तम होता आणि दोन्ही वर्षी कॉन्फरन्स एकट्याने जिंकून दिली. मॅजिक तिसरा वाटतच नाही, कारण डोळ्यांसमोर लेकर्सचा पिवळा गणवेश येतो.

चौथा कॅझी रसेल: मिशिगनला सलग तीन बिग टेन विजेतेपदं, १९६६ मध्ये सामन्याला ३०.८ गुण. पाचवा स्कॉट मे, १९७६ च्या इंडियानाचा, ३२-० असा अपराजित हंगाम. आधीच्या वर्षी ऐन वेळी त्याचा हात मोडला नसता तर कदाचित तो यादीत आणखी वर असता. मग पर्ड्यूचाच ग्लेन रॉबिन्सन. १९९३-९४ मध्ये त्याने ३०.३ गुणांची सरासरी राखली, आणि फक्त एका हंगामाची यादी केली तर मी त्याला ईडीच्या वर ठेवेन. त्यानंतर चेनी, माउंट आणि आयझिया थॉमस. आयोवाचा लुका गार्झा २०२१ मध्ये देशात सर्वोत्तम ठरला होता, पण मार्चमध्ये त्याचा संघ दुसऱ्याच फेरीत गारद झाला, म्हणून तो पहिल्या दहाच्या उंबरठ्यावर राहतो.

तुम्ही स्वतः यादी करून बघणार असाल तर प्रत्येक नावापुढे एवढे रकाने ठेवा: हंगाम, सामने, मिनिटं, त्या वर्षी देशातला क्रमांक, कॉन्फरन्सचं विजेतेपद एकट्याचं की वाटलेलं, आणि बाद फेरीत कुठवर. एकूण गुणांचा रकाना सगळ्यात शेवटी भरा. आधी भरला तर नजर तिथेच अडकते आणि चेनी पहिला येतो.