डब्यातले धान्य आणि अर्जाची पोच

प्रश्न : मी निपाणी तालुक्यात वेदगंगेकाठच्या एका गावात राहते. 2019 च्या पुरात आमच्या घरात कमरेइतके पाणी आले आणि 2021 मध्ये ते पुन्हा उंबऱ्याला लागले. धान्य कुजले, कागदपत्रे गेली आणि पंचनाम्यात आमच्या पडलेल्या मागच्या खोलीची नोंदच झाली नाही. ग्रामसभेचे कामकाज कन्नडमध्ये चालते; मला ते समजते, पण बोलता येत नाही. यजमान म्हणतात, आपण आपले घर बघावे, सभेला जाऊन काय होणार? पावसाळा तोंडावर आला आहे. मी नेमके काय करावे?

उत्तर : ताई, आपल्या यजमानांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. घर आधी बघायलाच हवे, कारण ज्या घरात उद्याच्या भाताची काळजी आहे, त्या घरातली बाई दुपारचे दोन तास सभेत बसू शकत नाही. परंतु गावाच्या कडेचा ओढा पावसाआधी उपसायचा की नाही, पूर आल्यावर लोकांना आणि जनावरांना कुठे हलवायचे, या गोष्टी एकट्या घराच्या हातातल्या नाहीत आणि त्या ठरल्या नाहीत तर आपण कितीही नेटाने भरलेली कणगी पाण्यात जाणारच. म्हणून ही दोन्ही कामे मी एकच मानते.

प्रथम धान्याविषयी. पंधरा दिवस बाहेरून काही आले नाही तरी चालेल एवढे तांदूळ, ज्वारी, डाळ, मीठ, तेल आणि काडेपेटी माळ्यावर असू द्यावी. ती 2019 च्या पाण्याच्या खुणेपेक्षा हातभर तरी वर असावी. शक्य असेल तर थोडे भात न कांडता तसेच ठेवावे, कारण टरफलातले भात पांढऱ्या तांदळापेक्षा पुष्कळ दिवस टिकते. धान्याला कडक ऊन दाखवल्यावर ते गरम असतानाच डब्यात भरण्याची चूक बहुतेक घरांत होते. झाकणाच्या आतून घाम सुटतो, वरचा थर ओला होतो आणि महिन्याभरात जाळी धरते. रात्रभर चादरीवर पसरून ते पूर्ण गार झाल्यावरच भरावे आणि थराथरात सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालावा. माझी आजी दर अमावास्येला डब्यात कोपरापर्यंत हात घालून पाहत असे. आतले धान्य हाताला उबदार लागले की कीड लागली असे ती समजे आणि तिचा अंदाज खरा ठरे.

कागदांचे मी अधिक आग्रहाने सांगते. रेशनकार्ड, आधारकार्ड, बँकेचे पासबुक, जमिनीचा उतारा आणि घरपट्टीची पावती या सर्वांची छायाचित्रे मोबाईलवर काढून गावाबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाकडे आजच पाठवून ठेवा. मूळ कागद जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून धान्याशेजारी माळ्यावर ठेवा. त्याबरोबर घराच्या प्रत्येक खोलीचे, गोठ्याचे आणि मागच्या पडवीचे आत्ता, कोरड्या दिवसांत, छायाचित्र काढा. 2019 मध्ये घरांच्या नुकसानीचे ए, बी, सी असे वर्ग पाडून मदत ठरली होती, आणि पडलेली खोली आधी उभी होती हे दाखवायला ज्यांच्याकडे काही नव्हते त्यांची बाजू लंगडी पडली. पाणी ओसरल्यावर भिंतीवरची चिखलाची रेघ पुसण्यापूर्वी तिचेही छायाचित्र घ्यावे.

आणखी एक गोष्ट नदीकाठच्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. वेदगंगेचे पाणी पाटगावच्या बाजूने आणि दूधगंगेचे काळम्मावाडीच्या बाजूने येते. त्यामुळे आपल्या अंगणात ऊन पडलेले असतानाही नदी वाढू शकते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पावसाच्या आणि धरणांतून सोडलेल्या पाण्याच्या बातम्या जुलै-ऑगस्टमध्ये रोज पाहत जा. यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी येईपर्यंत थांबले, तर गुरे हलवायला वेळ उरत नाही. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 आणि आणीबाणीचा 112 हे क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवावेत, म्हणजे घरात एकटे असलेले मूलही ते वाचू शकेल.

आता सभेविषयी. कर्नाटकातील कायद्याप्रमाणे वॉर्डसभा आणि ग्रामसभा सहा महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी, आणि गावच्या कामांची मागणी खालून, म्हणजे वॉर्डसभेतून, वर जायची असते. आपण थेट ग्रामसभेत उभे राहण्याऐवजी आधी वॉर्डसभेला जा. तिथे पंधरा-वीस ओळखीची माणसे असतात आणि मराठीत बोललेले सर्वांना कळते. एकच मागणी न्या, ओढा उपसण्याची किंवा निवाऱ्याची, आणि ती लेखी द्या. भाषेचे भय बाळगू नका. राज्यघटनेच्या 350 व्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे मराठीत लिहिलेले निवेदन भाषेच्या कारणावरून परत करता येत नाही. मात्र माहिती अधिकाराच्या अर्जाचे तसे नाही. 2005 च्या त्या कायद्याखालचा अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत लिहावा लागतो. आपल्याकडे ती कन्नड आहे. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे अशा अर्जात एकच विषय असावा आणि तो साधारण 150 शब्दांत बसावा. शुल्क 10 रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही, आणि उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत आहे. गावातल्या कन्नड माध्यमात शिकणाऱ्या एखाद्या मुलीकडून अर्ज लिहून घ्या आणि तिच्याकडूनच तो मोठ्याने वाचून घ्या; दोन-तीन अर्जांनंतर कार्यालयातले शब्द आपल्याही तोंडात बसतील.

अर्ज नेहमी दोन प्रतींत न्यावा, एक द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख व सही घेऊन ती घरी आणावी. हे मी अनुभवाने सांगते. एकदा गल्लीतल्या गटाराचा अर्ज मी एका कार्यालयात पोच न घेता ठेवून आले. चार महिन्यांनी चौकशी केली, तेव्हा असा अर्ज आलेलाच नाही असे मला सांगितले गेले आणि माझ्यापाशी बोलायला काही उरले नाही. दाखले, उतारे यांसारख्या कामांसाठी राज्यात ठरलेल्या मुदतीत सेवा देण्याचा 2011 चा सकाल कायदा आहे. अर्ज स्वीकारला की त्याचा क्रमांक मिळतो, कामाला मुदत ठरलेली असते, आणि विनाकारण उशीर झाला तर दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 रुपये, भरपाई मागता येते. रक्कम लहान आहे, पण क्रमांक हातात असलेल्या माणसाला टोलवणे अवघड जाते. या सगळ्या पोची त्याच माळ्यावरच्या पिशवीत ठेवा.

प्रश्न : बेळगावातील आमच्या गल्लीत जुनी विहीर आहे. नळाला पाणी अनियमित येते, म्हणून काही घरांनी ती साफ करून वापरावी असे ठरवले आहे. औषध किती घालावे?

उत्तर : आपण करता आहात ते मला मनापासून आवडले. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनाला पाणी पुरावे म्हणून टिळकवाडीत विहीर खोदली गेली, ती आजही आहे; या शहराने एकेकाळी पाण्याचा भरवसा आपल्याच जमिनीत शोधला होता. गाळ काढून झाल्यावर विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा. व्यासाला व्यासाने, मग खोलीने आणि 3.14 ने गुणून 4 ने भागले की पाणी घनमीटरमध्ये मिळते, आणि एक घनमीटर म्हणजे 1000 लिटर. दर 1000 लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर पुरते. 3 मीटर व्यासाच्या आणि 4 मीटर पाणी असलेल्या विहिरीला सुमारे 70 ग्रॅम होते. ती कोरडी टाकू नका. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचे नितळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडा आणि दोराने वरखाली हलवा. त्यानंतर एक तास पाणी काढू नये. पिण्यासाठी वापरण्यापूर्वी नमुना आरोग्य विभागाकडून तपासून घ्या, आणि तोपर्यंत उकळून प्या.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील तरुण आहे. गावातले वडीलधारे म्हणतात की सीमाप्रश्न सुटेपर्यंत पंचायतीच्या कामात जीव ओतून उपयोग नाही. मला ते पटत नाही, पण त्यांना दुखवायचेही नाही.

उत्तर : त्यांना दुखवू नका, कारण त्यांनी 1956 पासूनची वेदना उरात बाळगली आहे आणि सीमाभागासाठी महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याच्या निकालाची वाट ते पाहत आहेत. परंतु आपण पंचायतीत पाण्याच्या टाकीची मागणी केल्याने तो दावा तसूभरही कमी होत नाही. मराठी शाळेचे गळके छप्पर, अंगणवाडीकडे जाणारी पायवाट, उन्हाळ्यात आटणारी बोअर ही कामे निकालापर्यंत थांबू शकत नाहीत, कारण त्या शाळेतले मूल तोपर्यंत मोठे होऊन जाईल. घटनेच्या 350 अ या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी राज्याने पुरेशा सोयी कराव्यात असे सांगितले आहे. छपराच्या अर्जात त्याचा उल्लेख अवश्य करा. आणि अर्जावर पहिली सही त्या वडीलधाऱ्यांपैकी एकाची घ्या. सभेची तारीख पंचायतीच्या फलकावर लागली की आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन त्यांना बरोबर येण्याचे आमंत्रण द्या.