वर्गात चारचौघांसमोर बोलण्याची भीती कशी घालवावी?

आपण बीड जिल्ह्यातील खेड्यातून छत्रपती संभाजीनगरला शिकायला आला आहात आणि वर्गात उभे राहताच घशाला कोरड पडते, असे आपण लिहिले आहे. ही कोरड आणि छातीतील धडधड हा ॲड्रेनलिन या भीतीच्या वेळी शरीरात स्रवणाऱ्या संप्रेरकाचा परिणाम आहे, दुबळेपणाची खूण नव्हे. भीती टिकते ती टाळण्यामुळे, कारण मागच्या बाकावर लपल्यावर मिळणारा दिलासा मेंदूला हेच शिकवतो की धोका खरोखरच होता. म्हणून आधी खोलीतील मित्राला एखादा धडा मोठ्याने समजावून सांगावा, मग वर्गात रोज एक प्रश्न विचारावा आणि धडधड ओसरेपर्यंत खाली बसण्याची घाई करू नये. आपल्या बोलीची लाज तर मुळीच बाळगू नये. गंगाखेडच्या जनाबाईंनी दळणकांडणाच्या भाषेतच अभंग रचले. पुढे १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, १९४८ च्या त्या दिवसाविषयी दोन मिनिटांचे भाषण स्वतःहून मागून घ्यावे आणि त्याची पहिली दोन वाक्येच तेवढी पाठ करावीत. भीतीने झोप किंवा जेवण तुटत असेल, तर मात्र थांबू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.