खोटी बाई उभी करून केलेलं खरेदीखत रद्द कोण करणार?

दादा, तुमच्या आजीच्या जागी दुसरीच बाई उभी करून ४० गुंठ्यांचं खरेदीखत केलंय, दुय्यम निबंधक म्हणतात आमच्या हातात काही नाही, तहसीलला म्हणतात दस्त रजिस्टर आहे, मग रद्द करणार कोण, असं विचारलंय तुम्ही. माझ्या आत्याच्या जमिनीचं असंच झालं होतं, सात वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात आम्ही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निबंधक खरंच सांगतायत. एकदा नोंदलेला दस्त रद्द करायचा अधिकार नोंदणी कायद्यात त्यांना नाहीच, सुप्रीम कोर्टाने २०१६ ला सत्यपाल आनंद केसमध्ये तसं स्पष्ट म्हटलंय. आम्ही अर्जावर अर्ज करण्यात आठ महिने घालवले, तुम्ही नका घालवू. अधिकार दिवाणी कोर्टाचा, स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट १९६३, कलम ३१. दस्त रद्द ठरला की डिक्रीची (म्हणजे कोर्टाच्या हुकूमनाम्याची) प्रत कोर्टच निबंधकाकडे पाठवतं आणि त्यांना आपल्या पुस्तकात त्या दस्तावर तसा शेरा मारावाच लागतो.

आता नीट वाचा, कारण बरेच दावे मागणी चुकीची लिहिल्यामुळे अडकतात. आजीने स्वतः सही केली असती तर "दस्त रद्द करा" म्हणावं लागलं असतं, पण तिने केलेलीच नाही, म्हणून "हा दस्त बेकायदा आहे, आजीवर बंधनकारक नाही" असं डिक्लरेशन, म्हणजे कोर्टाने तसं जाहीर करावं, मागायचं, त्याच कायद्याचं कलम ३४. जमिनीवर समोरचा बसला असेल तर त्याच दाव्यात ताबाही मागा, नुसतं डिक्लरेशन मागितलंत तर दावा तिथेच पडू शकतो. आणि "फसवणूक झाली" एवढं मोघम चालत नाही, कोणी, कधी, कशी, ते तारखेसह लिहायला लागतं.

मुदतीचंही सांगते. सही खोटी असेल तर दस्त मुळातच शून्य, म्हणजे कायद्याने तो कधी झालाच नाही, पण सही खरी आणि मजकूर फसवून घातलेला असेल तर तो नुसता रद्द होण्याजोगा असतो आणि तिथे कळल्यापासून ३ वर्षांची मुदत लागते. दस्त कसला आहे याबद्दलच फसवलं तर तो शून्य आणि नुसत्या मजकुराबद्दल फसवलं तर रद्द होण्याजोगा, हे सुप्रीम कोर्टाने १९६८ च्या निंगव्वा केसमध्ये सांगितलाय, ती बाईसुद्धा आपल्या नवऱ्याकडूनच फसली होती. तुमचं प्रकरण पहिल्या प्रकारचं दिसतंय, तरी ३ वर्षांच्या आतच दावा टाका, वाद कशाला ओढवून घ्यायचा.

पुरावा म्हणाल तर आधी दस्ताची सर्टिफाइड कॉपी काढा, नुसती सूची दोन (दस्ताचा एक पानी उतारा, इंडेक्स टू) नको, शेवटचं दस्त गोषवाऱ्याचं (नोंदणीच्या तपशिलाचं) पान असलेला पूर्ण दस्त. त्या पानावर लिहून देणाऱ्याचा फोटो, अंगठा आणि सही असते. आत्याच्या दस्तावर फोटोत जेमतेम चाळिशीची, नाकात चमकी घातलेली बाई होती, खाली नाव आत्याचं आणि वय ६८!! ते पान हातात आलं तेव्हा आत्या कितीतरी वेळ बोललीच नाही. ओळख पटवणारे दोघे कोण तेही तिथेच कळतं, त्यांनाही प्रतिवादी करा. अंगठा तज्ज्ञाकडून तपासून घ्यायला कोर्टात अर्ज देता येतो, आमची केस त्यावरच फिरली.

दावा टाकताना सोबतच तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्या आणि लिस पेंडन्सची (या जमिनीवर दावा चालू आहे अशी) नोटीस रजिस्टर करून घ्या, नाहीतर जमीन तिसऱ्याला विकली जाते आणि पक्षकार वाढत जातात. फेरफार अजून मंजूर नसेल तर तलाठ्याकडे १५ दिवसांत लेखी हरकत द्या, पोच घ्या, आणि झाला असेल तर प्रांताकडे अपील. पण सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी गेली असं नाही, आजीला हे मुद्दाम सांगा. पोलिसात फिर्याद द्याच, नोंदणी कायद्याच्या कलम ८२ मध्ये ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, फक्त कोणी आत गेला म्हणून दस्त आपोआप रद्द होत नाही हो, दावा तरीही लागतोच. कोर्ट फीचं टेन्शन असेल तर महाराष्ट्रात महिलांना काही दाव्यांत फी माफ आहे, आजीच्या दाव्याला ती लागू होते का हे वकिलांना विचारून घ्या.

आजीचं वय तुम्ही लिहिलं नाहीत. जास्त असेल, तब्येत बरी नसेल तर तिची साक्ष आधी घ्या म्हणून पहिल्या काही तारखांतच अर्ज द्या, कोर्ट साक्ष नोंदवायला घरी कोर्ट कमिशनर पाठवू शकतं. आमच्या आत्याची साक्ष अशीच पडवीत खाटेवर झाली, ते गोषवाऱ्याचं पान तिच्यासमोर धरलं आणि ती म्हणाली, "ही मी नव्हं." निकालाच्या आधी पाच महिने ती गेली, पण ते वाक्य रेकॉर्डवर होतं.