जुन्या लाकडावर धातू-काचेचं भंगार लावून काहीतरी बनवायचं काम सुरू करतोयस तर आधी हे बघ

सामान जमवायची घाई नको करूस, ते आपोआप जमतं आणि मग घरचे ओरडतात. पॅलेटचं, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटीचं लाकूड मिळालं तर आधी त्यावरचा शिक्का बघ, एचटी म्हणजे नुसतं तापवलेलं, ते बिनधास्त घे, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड हा किडे मारायचा विषारी वायू मारलाय, ते तिथेच सोड. करवत लावायच्या आधी फळीवरून लोहचुंबक फिरव, आत तुटलेला खिळा असला की पात्याचे दात गेलेच म्हणून समज. जुना रंग असेल तर कोरडा घासू नकोस, त्यात शिसं असू शकतं.

आता खरी गंमत चिकटवण्यात आहे. लाकडाला लाकूड फेविकॉलने मस्त बसतं, पण चावी, गिअर, काचेचा तुकडा असलं काही त्याने टिकत नाही, तिथे इपॉक्सीच, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद लागतो आणि त्याआधी धातू ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून तेलकटपणा पुसून घ्यायचा. मोठी पत्र्याची पट्टी असेल तर चिकटवूच नकोस, स्क्रू मार आणि पत्र्यातलं भोक थोडं लांबट ठेव, कारण लाकूड दमट हवेत आडवं फुगतं, पत्रा काही फुगत नाही, मग फळीला चीर जाते.

आणि धातूवरचा गंज सगळा काढू नकोस रे, थोडा राहू दे, वरून लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश मार.