कथेतली माणसं परकी का बोलतात?

प्रश्न: मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात राहतो. ऊसतोड मजुरांवर ग्रामीण कथा लिहितो. 12 कथा परत आल्या. 'वाचन वाढवा' एवढंच उत्तर येतं. मी ग्रामीण कथासंग्रहच वाचतो. आणखी काय वाचू?

उत्तर: अडचण त्या 'संग्रहच'मधल्या 'च'मध्ये आहे. तुम्ही सोबत पाठवलेल्या कथेत बाप पोराला विचारतो, "काय करतुयास?" ही सातारकडची बोली. केजचा बाप "काय करायलास?" म्हणेल. तुमच्या कानाला हे पक्कं ठाऊक आहे, पण लिहिताना हात वाचलेल्या कथेकडे गेला. एकाच धाटणीचं वाचलं की वाक्य शोधावं लागत नाही, तयार मिळतं. भेगाळलेली जमीन आणि कपाळाला हात लावून बसलेला बापही तिथूनच आला.

आधी कथेबाहेरचं वाचा. मजुरांवरचे अहवाल, हंगामाच्या बातम्या, मुकादमाशी झालेला करार हाती लागला तर तोही. मग दिसेल, की 'कोयता' म्हणजे नुसतं हत्यार नाही, नवरा-बायकोची जोडी; उचल, म्हणजे मुकादमाकडून हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, त्या जोडीवर ठरते. तुमच्या कथेत बायको आजारी पडते आणि नवरा रडतो. खरं तर तिथे अर्धा कोयता बंद पडलाय, उचल फिटायची कशी हा पेच उभा राहिलाय. कथा तिथे आहे.

पैठणच्या एकनाथांची भारुडं मोठ्याने वाचा. जोशी, गोंधळी, महार असे वेगवेगळे लोक त्यांत आपापल्या तोंडाने बोलतात. तुमची सगळी पात्रं एकाच आवाजात बोलतात, त्यावर हा फार चांगला उतारा आहे. कविता, आत्मचरित्रं, अनुवादित कादंबऱ्याही हव्यात.

रोज 20 पानं वाचली तर महिन्याला 600 होतात, म्हणजे मध्यम आकाराची तीन पुस्तकं. त्यांतलं एक तरी तुमच्या आवडीबाहेरचं घ्या. आठवड्यातून एकदा आवडलेला 10-12 ओळींचा उतारा हाताने उतरवा, दुसऱ्या दिवशी न बघता लिहा आणि मुळाशी ताडून पाहा. लेखकाने काय गाळलं आणि तुम्ही काय भरलंत, ते तिथे उघडं पडतं. बहुतेकदा आपण विशेषणं भरलेली असतात. वहीत नुसते छान शब्द टिपू नका. ते पुढच्या कथेत ठिगळासारखे दिसतात.

परत आलेल्या कथा फाडू नका. तीन महिन्यांनी एक काढा, तिच्यातले संवाद घरात वाचून दाखवा आणि ऐकणारा जिथे अडेल तिथे पेन्सिलीने खूण करा.